रॉकबॉक्स टाकलं आणि प्लेअर ‘गेला’? आधी हे तपासा

“दादा, रॉकबॉक्स टाकलं आणि प्लेअर गेला हो.” असा फोन महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतोच. पलीकडे कधी सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर नाट्यसंगीत ऐकत चालणारे काका असतात, तर कधी मामाच्या कपाटात जुना आयपॉड सापडलेली कॉलेजातली मुलगी. मी विचारतो, पडद्यावर काय दिसतंय? उत्तर ठरलेलं: “काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं, मी बंद केलं.” झालं! ते ‘काहीतरी’च तर कामाचं असतं. म्हणून पहिली विनंती अशी की जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि मगच बटणं दाबा.

ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी: रॉकबॉक्स म्हणजे म्युझिक प्लेअरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) वापरायचं मोफत सॉफ्टवेअर. माझ्या हाताखालून गेलेले प्लेअर मुख्यतः तीन. २००५ साली आलेला पाचव्या पिढीचा व्हिडिओवाला आयपॉड, त्यानंतरचा आयपॉड क्लासिक, आणि सॅनडिस्कचा काडेपेटीएवढा क्लिप प्लस. खालचं सगळं या तिघांपुरतं आहे.

लक्षणं

तुमचं यातलं कुठलं, ते आधी शोधा.

- प्लेअर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही.
- कॉम्प्युटरला दिसतो, पण इन्स्टॉलर (रॉकबॉक्स युटिलिटी) त्याला ओळखत नाही किंवा भलतंच मॉडेल सांगतो.
- इन्स्टॉलर ‘झालं’ म्हणतो, पण प्लेअर सुरू केला की कंपनीचाच जुना मेनू.
- रॉकबॉक्सचं नाव येतं आणि खाली ‘फाइल नॉट फाउंड’ किंवा ‘बॅड चेकसम’.
- ‘नो पार्टिशन फाउंड’ किंवा ‘एटीए एरर’ आणि पुढे एक आकडा.
- मेनू येतो, पण गाणं लावलं की एकामागून एक धडाधड पुढे पळतात. मधेच ‘कोडेक फेल्युअर’.
- चालता चालता ‘पॅनिक’ किंवा ‘डेटा अबॉर्ट’ लिहून सगळं गोठतं.
- सगळं चालतं, पण गाण्यांची नावं गायब, नाहीतर मराठी नावांच्या जागी चौकोन.
- पडदा काळा. काहीच नाही.

शेवटचं लक्षण बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि माझ्या अनुभवात तेच बऱ्याचदा सगळ्यात स्वस्तात सुटतं.

देवडीवरचा माणूस

रॉकबॉक्स दोन तुकड्यांत बसतं, हे कळलं की अर्धी कोडी आपोआप सुटतात. पहिला तुकडा म्हणजे बूटलोडर. तो अगदी छोटा असतो आणि कंपनीचं फर्मवेअर जिथे असतं तिथे जाऊन बसतो. दुसरा तुकडा म्हणजे खरं रॉकबॉक्स, आणि तो तुमच्या गाण्यांच्या शेजारी एका साध्या फोल्डरमध्ये असतो. फोल्डरचं नाव ‘रॉकबॉक्स’, पण नावाच्या आधी एक टिंब.

बूटलोडर म्हणजे जुन्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस समजा. दार उघडायचं आणि आतल्याला हाक मारायची, एवढंच त्याचं काम. गाणं-बिणं त्याला येत नाही. आतून ओ आली नाही की तो ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो.

त्यामुळे पडद्यावर रॉकबॉक्सचं नाव एकदा जरी झळकलं, तरी देवडीवरचा माणूस जागेवर आहे. मग खाली चूक कुठलीही दाखवो, बूटलोडर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. घोटाळा फोल्डरमध्ये आहे, नाहीतर डिस्क किंवा कार्डात. उलट थेट कंपनीचा मेनू येत असेल, तर फोल्डर दहा वेळा कॉपी करूनही फरक पडणार नाही, कारण हाक मारायलाच कोणी नाही. लोक नेमकं उलटं करतात. एका गृहस्थांनी चार दिवसांत बूटलोडर सात वेळा टाकला होता. त्यांचा फोल्डर चुकीच्या जागी होता, एवढंच.

आणखी एक दिलासा. या तिन्ही प्लेअरवर कंपनीचं मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही, ते बाजूला तसंच राहतं. क्लिप प्लस डावं बटण दाबून धरून सुरू केला की मूळ मेनू येतो. व्हिडिओ आयपॉड सुरू होताच लगेच होल्डची (बटणं कुलूपबंद करायची) कळ सरकवली की ॲपलचा मेनू येतो. तो आला तर प्लेअर धडधाकट आहे.

आधी फुकटातलं: कळ, रीसेट, चार्ज

आयपॉडची होल्डची कळ एकदा इकडून तिकडे करा आणि परत मोकळी सोडा. हसू नका. धूळ बसून ती कळ अर्धवट अडकते आणि चाक, बटणं सगळं मुकं होतं. मग मेनू आणि मधलं बटण एकदम दाबून पडद्यावर ॲपलचं सफरचंद दिसेपर्यंत धरा. सात-आठ सेकंद लागतात. क्लिप प्लसचं पॉवर बटण मात्र पंधरा-वीस सेकंद धरावं लागतं. पाच सेकंदांत सोडून “काही होत नाही” म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तरीही काळोख असेल तर दोन तास चार्जिंगला लावा, तेही भिंतीवरच्या चार्जरला. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या प्लेअरची बॅटरी इतकी उतरलेली असते की पहिली वीस मिनिटं पडदा उजळतच नाही. शिवाय अर्ध्या चार्जवर फर्मवेअर लिहायला घेणं म्हणजे विनाकारण संकट ओढवून घेणं. मी तर गुरुवारी इन्स्टॉल करायला बसतच नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार तो. लॅपटॉप असेल तर ठीक, पण डेस्कटॉपवर नेमकं लिहिणं चालू असताना दिवे गेले तर फाइल अर्धी राहते आणि मग ‘बॅड चेकसम’ बघत बसा.

केबल

माझ्याकडे आलेल्या ‘कॉम्प्युटरला दिसत नाही’ तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार केबलच निघाली आहे. केबलमध्ये विजेच्या तारा वेगळ्या आणि डेटाच्या वेगळ्या. स्वस्तातल्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतातच, नाहीतर वाकून वाकून आत तुटलेल्या असतात. प्लेअर छान चार्ज होतो म्हणून केबलवर कोणी संशय घेत नाही.

क्लिप प्लसला मिनी यूएसबी लागते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची असायची ती. घरात कुणाचा असा कॅमेरा पडला असेल तर त्याची केबल लावून बघा, ती बहुधा डेटाची असते. आयपॉडची तीस पिनांची रुंद केबल आता नवी घ्यायची तर घेताना दुकानातच विचारा: “डेटा जातो ना?” पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मी स्वतःचा आयपॉड खिशात घेऊन जातो आणि जमलं तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावून बघतो. थोडं नाक मुरडतात, पण फेरी वाचते.

यूएसबी हब काढून टाका आणि थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. फर्मवेअर लिहिताना क्षणभर जरी संपर्क तुटला तरी काम बिघडतं, आणि पुढचे पोर्ट सैल झालेले असतात.

पोर्टच्या तोंडात टॉर्च मारून बघा. खिशातली लोकर, बडीशेप, तळजाईची माती, काय वाट्टेल ते निघतं. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. टाचणी घालू नका, पिना वाकतात. पावसाळ्यात घाम आणि दमटपणाने पिनांवर हिरवट थर चढतो. तो मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून निघतो. पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावायची नाही.

मॉडेल नेमकं कोणतं?

क्लिप, क्लिप प्लस आणि क्लिप झिप ही तीन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि तिघांची फाइल वेगळी. क्लिप स्पोर्टवर तर रॉकबॉक्स चालतच नाही, नावात क्लिप असली तरी. आयपॉड टच आणि शफल हेही विसरा. व्हिडिओ आणि क्लासिक यांच्यात लोकांची गल्लत होते: व्हिडिओचा पुढचा भाग चकचकीत प्लास्टिकचा, क्लासिकचा धातूचा. नखाने टकटक केलं तरी कळतं.

इन्स्टॉलरने मॉडेल ओळखलं नाही तर यादीतून ‘जवळपासचं’ काहीतरी निवडून पुढे जायचा मोह होतो. तो टाळा. ओळखत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा मॉडेल विचित्र आहे असा नसून, पुढच्या परिच्छेदातली भानगड आहे.

यूएसबी मोड आणि फॅट३२

क्लिप प्लसमध्ये कंपनीच्या मेनूत सेटिंग्ज, मग सिस्टिम सेटिंग्ज, मग यूएसबी मोड. तिथे ‘एमएससी’ निवडा. ‘ऑटो’ किंवा ‘एमटीपी’ असेल तर विंडोजला तो गाण्यांचं यंत्र म्हणून दिसतो, साधा ड्राइव्ह म्हणून नाही, आणि इन्स्टॉलरला ड्राइव्हच हवा असतो. एमएससीत कार्ड घातलेलं असेल तर दोन ड्राइव्ह दिसतात, एक आतली मेमरी आणि एक कार्ड. रॉकबॉक्स आतल्या मेमरीवर टाकायचं. चुकीच्या ड्राइव्हवर टाकणं इतकं सोपं आहे की मी इन्स्टॉल करताना कार्ड सरळ काढूनच ठेवतो.

आयपॉडची गोष्ट निराळी. आयपॉड पहिल्यांदा विंडोजला जोडून तयार केला असेल तर त्याची डिस्क फॅट३२ या फॉरमॅटची (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीची) असते. मॅकला जोडून केला असेल तर एचएफएस प्लस. रॉकबॉक्सला फॅट३२ समजतं, मॅकचं फॉरमॅट समजत नाही. ओळखायचं कसं? मॅकवर आयपॉडच्या चिन्हावर ‘गेट इन्फो’ करा, ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ असं दिसलं की कळलं.

विंडोजवर मात्र हे ओळखण्याची पद्धत जरा भीतिदायक आहे. मॅकवाला आयपॉड जोडला की विंडोज विचारतं, “डिस्क फॉरमॅट करायची आहे का?” तिथे रद्द करा. डिस्क खराब नसते, विंडोजला ती वाचता येत नाही एवढंच. सहकारनगरच्या एका काकांचा आयपॉड त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने मॅकवर भरून दिला होता. आत त्यांच्या गुरुजींच्या खासगी बैठका होत्या, कॅसेटवरून उतरवलेल्या, दुसरी प्रत कुठेही नाही. विंडोजचा प्रश्न आल्यावर काकांनी ‘नाही’ दाबलं, कारण त्यांच्या भाषेत, “हे कॉम्प्युटर विचारतं ते आपल्या भल्यासाठी कधीच नसतं.” त्यांच्या संशयी स्वभावाने बैठका वाचल्या. आम्ही शेजारच्या मुलाच्या मॅकवर सगळं उतरवून घेतलं आणि मगच आयपॉड विंडोजवर ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्रॅममधून रिस्टोअर केला. रिस्टोअरमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी प्रत.

मोठ्या मायक्रोएसडी कार्डांचंही असंच. ३२ जीबीच्या वरची कार्डं कारखान्यातून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि रॉकबॉक्सला तेही वाचता येत नाही. फॅट३२ केलं की क्लिप प्लसमध्ये ६४ जीबीचं कार्डसुद्धा आनंदाने चालतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ हा पर्याय सहसा दिसत नाही. त्यासाठी छोटी मोफत साधनं मिळतात, ती वापरा.

फोल्डर योग्य जागी आहे का?

‘फाइल नॉट फाउंड’ आलं की मी डोळे मिटून इथे येतो.

प्लेअरचा ड्राइव्ह उघडला की पहिल्याच पायरीवर तो टिंबवाला रॉकबॉक्स फोल्डर दिसला पाहिजे. होतं असं, की झिप फाइल विंडोजमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केली की आधी झिपच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि आपला फोल्डर त्याच्या पोटात जातो. लोक बाहेरचा फोल्डर उचलून प्लेअरवर टाकतात. पत्ता एका मजल्याने चुकला. देवडीवरचा माणूस फक्त तळमजल्यावर हाक मारतो, जिना चढत नाही.

मॅक आणि लिनक्सवर टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपवलेले असतात, त्यामुळे ‘फोल्डरच नाही’ असं वाटतं. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकदम दाबा, लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये बहुधा कंट्रोल आणि एच.

फोल्डर जागेवर असूनही ‘बॅड चेकसम’ येत असेल, किंवा गाणी धडाधड पुढे पळत असतील, तर कॉपी अर्धवट झाली आहे, नाहीतर जुन्या आवृत्तीच्या फाइली आणि नव्या फाइली एकमेकांत मिसळल्या आहेत. प्रत्येक प्रकारचं गाणं वाजवायला रॉकबॉक्सकडे वेगळी कोडेक फाइल असते. ती मुख्य फाइलच्याच आवृत्तीची लागते, नाहीतर मुख्य फाइल तिला घेत नाही आणि गाणं सोडून पुढे जाते. उपाय सोपा आहे. जुना फोल्डर पूर्ण काढा. आतली सेटिंगची फाइल आणि आवडत्या थीम हव्या असतील तर आधी बाजूला ठेवा. मग नवा फोल्डर कॉपी करा आणि इजेक्ट करूनच केबल काढा. कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहून झालं असं नाही. कॉम्प्युटर थोडं हातात राखून ठेवतो आणि मागाहून लिहितो. इजेक्ट म्हणजे त्याला “ते उरलेलं लिही आता” असं सांगणं.

मेनू येतो पण थीम लावल्यापासून गोठतो, असं असेल तर फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलचं नाव बदलून बघा. फाइल सापडली नाही की रॉकबॉक्स मूळ सेटिंगवर सुरू होतं. एका मिनिटाचं काम.

गाणी आहेत, पण दिसत नाहीत

हा खरं तर बिघाडच नाही, तरी यासाठी रात्री साडेदहाला फोन आलेले आहेत.

आयट्यून्स आयपॉडवर गाणी ठेवताना त्यांची नावं बदलून चार अक्षरी काहीतरी करतं आणि ती वेगवेगळ्या फोल्डरांत वाटून टाकतं. खरी नावं त्याच्या स्वतःच्या यादीत असतात आणि रॉकबॉक्स ती यादी बघतच नाही. म्हणून फाइल्समध्ये गेलं की सगळा कचरा दिसतो. मेनूतल्या ‘डेटाबेस’मध्ये जा आणि ‘इनिशियलाइझ’ करा. रॉकबॉक्स प्रत्येक गाण्याच्या आतली माहिती वाचून आपली यादी बनवतं. हजारो गाणी असतील तर वेळ लागतो. चार्जिंगला लावून ठेवा. ते दर वेळी एकाच आकड्यावर अडकत असेल तर तिथली एखादी फाइल बिघडलेली आहे. शेवटी टाकलेली गाणी आधी काढून बघा.

मराठी नावांच्या जागी चौकोन येत असतील तर चालू फाँटमध्ये देवनागरी नाही. रॉकबॉक्सचं फाँटांचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. त्यातला युनिफाँट लावला की अक्षरं दिसतात. सुंदर दिसत नाहीत, हे आधीच सांगतो. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, कारण देवनागरी जुळवण्याची सोय रॉकबॉक्समध्ये नाही. ‘कट्यार’ वाचताना डोळे तिरके होतात. मी सरळ फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवली आहेत. भाषाभिमान्यांनी क्षमा करावी.

कार्ड आणि डिस्क

आता जरा वेळखाऊ तपासण्या. ‘पॅनिक’, ‘नो पार्टिशन फाउंड’, किंवा डेटाबेसवर दर वेळी वेगळ्याच जागी अडकणं, ही साठवण बिघडल्याची चिन्हं.

आधी विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एरर चेकिंग करा. इजेक्ट न करता केबल ओढायची सवय असेल तर फॅट३२ची यादी कधी ना कधी विस्कटतेच. बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतं.

मग कार्ड खोटं आहे का ते बघा. वर १२८ छापलेलं आणि आत खरी जागा ८, असली कार्डं बाजारात आहेत. ती कॉम्प्युटरला १२८ च सांगतात आणि आठच्या पुढचं सगळं गिळतात. सुरुवातीची गाणी वाजतात, नंतरच्यांत खरखर, मग प्लेअर गोठतो आणि दोष रॉकबॉक्सला. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्स-मॅकवर ‘एफथ्री’ हा प्रोग्रॅम कार्डाची सगळी मोकळी जागा भरून लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. कार्डावरचं आधी उतरवून घ्या, कार्ड रिकामं करा आणि रात्रभर चालू द्या. ज्यांनी आयपॉडची हार्डडिस्क काढून ॲडॉप्टरवर एसडी कार्ड बसवलं आहे, त्यांनी हे आयपॉडचं कवच परत बसवण्याआधीच करायला हवं होतं. नसेल केलं तर नंतरच्या अर्ध्या भानगडी इथूनच येतात.

मूळ हार्डडिस्क असलेल्या आयपॉडला आधी कानाला लावा. टकटक, मग शांतता, मग परत टकटक असा आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका, थेट ‘इथे थांबा’ वाचा. आवाज नसेल तर डिस्क स्वतःबद्दल काय सांगते ते बघता येतं. रीसेट करा आणि सफरचंद दिसताच मधलं बटण आणि मागचं बटण एकदम धरा. काळ्या-पांढऱ्या अक्षरांत तपासणीचा मेनू येतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, आयओ, हार्डड्राइव्ह आणि शेवटी स्मार्ट डेटा. इथे चाक चालत नसेल तर पुढच्या-मागच्या बटणांनी सरका. ‘रीॲलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ हे दोन आकडे बघा. पहिला म्हणजे डिस्कने बाद करून बदललेल्या जागा, दुसरा म्हणजे वाचता न आल्यामुळे बाद व्हायच्या रांगेत असलेल्या जागा. शून्य उत्तम. पेंडिंगचा आकडा आठवडाभरात वाढला तर डिस्क चालली. अशा डिस्कवर फर्मवेअर टाकत बसणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. कार्ड बसवलेल्या आयपॉडमध्ये हे आकडे निरर्थक असतात, त्यावरून घाबरू नका.

बूटलोडर पुन्हा

कंपनीचाच मेनू येत असेल तरच हे.

व्हिडिओ आयपॉडमध्ये बूटलोडर डिस्कच्या एका वेगळ्या भागात लिहिला जातो आणि तिथे हात घालायला विंडोज साध्या प्रोग्रॅमला देत नाही. रॉकबॉक्स युटिलिटीवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा आणि आयट्यून्स बंद ठेवा. आयपॉड ओळखला जात नसेल तर रीसेट करून सफरचंद येताच मधलं बटण आणि प्ले धरा. हा डिस्क मोड. तो यंत्राच्या रॉममध्ये असतो, त्यामुळे डिस्कवर कितीही गोंधळ झाला तरी सहसा चालतो.

क्लिप प्लसमध्ये बूटलोडर कंपनीच्या फर्मवेअरच्या फाइलीतच मिसळून दिला जातो. ती फाइल आतल्या मेमरीत पहिल्याच पायरीवर ठेवून केबल काढली की प्लेअर ‘फर्मवेअर अपडेट’ चालू असल्याचं सांगतो आणि मग आपोआप बंद होतो. हा संदेश आलाच नाही, तर फाइल चुकीच्या जागी आहे, चुकीच्या मॉडेलची आहे, किंवा कार्डावर गेली आहे.

क्लासिकला डीएफयू मोड, म्हणजे फर्मवेअर भरून घेण्याची खास अवस्था, लागतो आणि इथे भले भले फसतात. मेनू आणि मधलं बटण धरायचं, पण बारा सेकंद. सातव्या-आठव्या सेकंदाला सफरचंद येतं आणि लोक सवयीने बोटं काढतात. तो झाला साधा रीसेट. धरूनच ठेवा. पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. तो मेला नाही, तो डीएफयूमध्ये आहे. कॉम्प्युटरने नवं यंत्र जोडल्याचा आवाज केला की समजायचं. विंडोजवर ॲपलचे ड्रायव्हर लागतात, म्हणून आयट्यून्स बसवलेलं हवं, पण मागे चालू नको. काळा पडदा बघून घाबरून ‘गेला’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा क्लासिक खरं तर डीएफयूत बसून वाट बघत असतो. मेनू आणि मधलं बटण पुन्हा धरा आणि या वेळी सफरचंद दिसलं की सोडा. येतो बाहेर.

हे सगळं हरलं तर शेवटचा घरगुती उपाय: आयपॉड आयट्यून्समधून रिस्टोअर, क्लिप प्लस कंपनीच्या मेनूतल्या ‘फॉरमॅट’ने साफ, आणि पहिल्यापासून. आतलं सगळं जाणार, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

इथे थांबा

प्लेअरची पाठ फुगली आहे, पडदा आतून उचलल्यासारखा दिसतोय किंवा कडेला फट पडली आहे: बॅटरी फुगली. चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, सुरी घालून उघडू नका. लिथियम बॅटरीला भोक पडलं की ती पेटते. हे माझंही काम नाही. मी असे प्लेअर हातात घेत नाही.

हार्डडिस्क टकटक करते आणि आतल्या गाण्यांची दुसरी प्रत नाही: एकदाही पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक सुरुवातीला थोडं आणखी जातं. हे डेटा परत काढून देणाऱ्याचं काम आहे, आयपॉड दुरुस्त करणाऱ्याचं नाही. दुकानात शिरताना हा फरक लक्षात ठेवा.

चांगली केबल, दुसरा कॉम्प्युटर, दोन तास चार्ज, डिस्क मोड, डीएफयू, सगळं करूनही काळोखच: आत कुठेतरी हार्डवेअर गेलं आहे. ‘एटीए एरर’ दर वेळी येत असेल तर डिस्कची पट्टी सैल असण्याची शक्यता मोठी आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला क्लासिक उघडावा लागतो, आणि धातूच्या क्लिपांनी घट्ट बसलेलं ते कवच पहिल्या प्रयत्नात हमखास वाकतं. आतली बॅटरीची पट्टी तर इतकी आखूड असते की झाकण झटक्यात उघडलं की तुटलीच. मी स्वतःचा पहिला क्लासिक असाच घालवला. आतल्या चिपचे पाय शॉर्ट करून क्लिप प्लस जिवंत करायच्या युक्त्याही फिरतात. भिंगाखाली सोल्डरिंग करणारा माणूस ओळखीचा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुरुस्तीला देताना कार्ड काढून घरी ठेवा. पडद्याचा फोटो दाखवा. आणि “रॉकबॉक्स आहे, मला विचारल्याशिवाय रिस्टोअर करायचं नाही” हे पावतीवर लिहून घ्या. एका दुकानात मी हे तोंडी सांगितलं होतं. संध्याकाळी आयपॉड मिळाला तो अगदी चकाचक, रिकामा, आणि रिस्टोअरचे पैसे वेगळे लावलेले.